घरच्या घरी मोटारसायकलचा टायर बदलताना : कोसाडच्या पार्किंगमधून थेट कोंडाईबारीपर्यंत

आखाजी आठवड्यावर आली की सुरतेतल्या खान्देशी माणसाला दोनच प्रश्न पडतात. सुट्टी मिळेल का, आणि गाडी गावापर्यंत टिकेल का. कानबाईच्या वेळी पण तेच. कोसाडला रेल्वे स्टेशन आहे खरं, पण ते मुंबई–वडोदरा मार्गावर. नंदुरबार-जळगावकडची गाडी धरायची तर आधी तापी ओलांडून सुरत नाहीतर उधना गाठावं लागतं, आणि सणाच्या दिवसांत डब्यात पाय ठेवायला जागा नसते. म्हणून बरेच जण पहाटे मोटारसायकल काढतात. बारडोली, व्यारा, सोनगढ, नवापूर, पुढे विसरवाडी आणि कोंडाईबारीचा घाट. मागे बायको, मध्ये पोरगं, टाकीवर पिशवी. एवढा भार दोन टायरांवर असतो आणि नेमकं तेच आपण निघायच्या आदल्या रात्री बघतो.

रात्री बघितलं आणि टायर गुळगुळीत निघाला, तर दुकान बंद. सकाळी दुकान उघडेपर्यंत थांबलं तर ऊन चढतं. पाळीवर काम करणाऱ्याचं तर नेहमीचंच दुखणं आहे, दुकान उघडं असतं तेव्हा आपण मशीनवर, आणि आपण सुटतो तेव्हा शटर खाली. कोसाड आवासच्या इमारतींखाली रविवारी सकाळी दोन-चार जण गाडी उभी करून चाक खोलत बसलेले दिसतात, ते काही हौस म्हणून नाही. हे काम शिकण्यासारखं आहे. मात्र ते चुकलं तर काय होतं तेही ठाऊक पाहिजे, म्हणून हा लेख जरा सविस्तर.

आधी ठरवा : ट्यूब की ट्यूबलेस

सगळं इथेच ठरतं. चाकाला तारा असतील (आपण आरे म्हणतो, मेकॅनिक स्पोक म्हणतो) तर शंभरातल्या बहुतेक गाड्यांना ट्यूब असते. अलॉय चाक असेल तर टायरच्या बाजूला बघा, ट्यूबलेस की ट्यूब टाइप ते स्पष्ट छापलेलं असतं. अलॉय चाक म्हणजे ट्यूबलेसच, असं नाही. शंभर-सव्वाशे सीसीच्या कितीतरी गाड्या अलॉय चाकात ट्यूब घालून आलेल्या आहेत.

ट्यूबचा टायर घरी बदलता येतो. ट्यूबलेस घरी बदलू नका, हे माझं स्पष्ट मत. त्याचा काठ रिमला इतका घट्ट बसलेला असतो की तो दाबून सुटा करायला यंत्र लागतं. पट्टीने ओढाताण केली तर रिमच्या कडेला ओरखडे पडतात, आणि ट्यूबलेसमध्ये हवा धरून ठेवायचं काम तीच कड करते. शिवाय नवा टायर बसवताना एकदम जोरात हवा सोडावी लागते, ती पायपंपाने होत नाही. ट्यूबलेसवाल्यांनी फक्त चाक घरी खोलावं आणि ते चाक घेऊन दुकानात जावं. गाडी ढकलत न्यावी लागत नाही, दुकानदाराचा वेळ वाचतो आणि चेनची, ब्रेकची जोडणी आपल्या हातची राहते.

टायर कधी बदलायचा

नक्षीच्या खोबणीत मध्ये मध्ये रबराच्या छोट्या आडव्या पट्ट्या असतात. टायरच्या बाजूला टीडब्ल्यूआय ही अक्षरं किंवा छोटा त्रिकोण असतो, त्याच्या समोर शोधा. नक्षी झिजून त्या पट्टीला टेकली की टायर संपला. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या ९४ व्या नियमात दुचाकीच्या टायरच्या नक्षीची किमान खोली ०.८ मिलिमीटर सांगितली आहे. चारचाकीला ती १.६ आहे. पण ०.८ ची वाट बघू नका. पावसाळ्यात पाणी बाजूला सारायला खोबण लागते, आणि तापीकाठच्या पावसात डांबरावर चिखलाचा थर असतो.

वय पण बघायचं. टायरच्या बाजूवर लांबट चौकटीत चार आकडे असतात. २३२४ असेल तर २०२४ सालच्या २३ व्या आठवड्यात तो तयार झाला. नक्षी शिल्लक आहे, पण बाजूला बारीक बारीक भेगा पडल्यात, रबर नखाने दाबलं तर कडक लागतं, असा टायर गावाच्या रस्त्याला नको. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीला हे लवकर होतं. टायरच्या बाजूला फुगा आला असेल तर विचारच करायचा नाही. आतले धागे तुटलेले असतात.

विकत घेताना

जुन्या टायरवरचा आकडा लिहून घ्या. ८०/१००-१८ म्हणजे रुंदी ८० मिलिमीटर, उंची रुंदीच्या १०० टक्के, आणि रिम १८ इंचाची. जुन्या पद्धतीत २.७५-१८ लिहायचे, तिथे रुंदी इंचात. पुढे ४७पी किंवा ५४पी असं काहीतरी असतं. ४७ म्हणजे तो टायर १७५ किलो भार पेलतो, ५४ म्हणजे २१२ किलो. पी म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंतच्या वेगाला चालणारा. माप सारखं आहे म्हणून पुढचा टायर मागे टाकणारे बरेच असतात. भाराचा आकडा बघा मग कळेल ते का नको. मागच्या चाकावर दोन माणसं आणि तांदळाचं पोतं येतं.

आयएसआयचा शिक्का आणि आयएस १५६२७ हा क्रमांक टायरवर असलाच पाहिजे. नक्षी पुन्हा कोरलेले जुने टायर स्वस्तात मिळतात. ते घेऊ नका. नक्षी कोरताना आहे तेच रबर आणखी पातळ होतं, एवढं साधं आहे. टायरबरोबर ट्यूब पण नवी घ्या, आणि रिमच्या आतली रबरी पट्टी फाटली असेल तर ती पण. जुनी ट्यूब ताणून सैल झालेली असते. नव्या टायरमध्ये तिची घडी पडते आणि घडीवरच ती फाटते.

सुरतेत दुकानात पाना मागायचा असेल तर ‘पानुं’ म्हणा, लगेच मिळेल. बाकी टायर, ट्यूब, हवा हे शब्द सीमेच्या दोन्ही बाजूंना तेच.

लागणारं सामान

टायर काढायच्या दोन, शक्यतो तीन पट्ट्या. गोल, गुळगुळीत टोकाच्या. स्क्रू ड्रायव्हरने हे काम करणारे हमखास ट्यूब फोडतात, आणि मी पण त्यातलाच एक होतो. पहिल्या खेपेला नवी कोरी ट्यूब तीन ठिकाणी भोसकली, रात्री साडेदहा वाजता. दुसऱ्या दिवशी कामावर दांडी पडली ती वेगळीच. एक्सलच्या नटासाठी रिंग पाना, गाडीगणिक मापं वेगळी, आधी लावून बघा. ओपन पान्याने कोपरे घासले जातात. पक्कड, व्हॉल्व्हची पिन काढायची छोटी चावी, साबणाचं पाणी, टाल्कम पावडर, पायपंप, हवा मोजायचा गेज, ग्रीस, जुनं पोतं. आणि एक पसरट थाळी, कारण चकत्या आणि बुश पार्किंगमध्ये गडगडत गेले की सापडत नाहीत.

चाक खोलणं

गाडी सपाट जागेवर मेन स्टँडवर. पुढच्या चाकाला वीट लावा. मागचं चाक काढायचं असेल तर आधी नट नुसता ढिला करायचा, चाक अजून हलत नसताना. मग ब्रेक रॉडचा नट, ब्रेकच्या पत्र्याला धरणारी आडवी पट्टी (टॉर्क रॉड), तिची पिन. प्रत्येक भाग कुठल्या बाजूला होता त्याचा मोबाइलवर फोटो काढा. जुने मेकॅनिक फोटो काढत नाहीत, पण त्यांनी हे हजार वेळा केलेलं असतं.

आपल्याकडच्या बऱ्याच कम्युटर गाड्यांमध्ये चांगली सोय आहे. चेन आणि मागचं दातेरी चक्र जागेवरच राहतं आणि चाक तेवढं बाजूला निघतं. त्यासाठी चेनच्या बाजूचा मोठा स्लीव्ह नट सोडायचा नाही, फक्त एक्सलचा नट सोडायचा. एक्सल ओढून काढला की उलट्या बाजूचा बुश पडतो, तो थाळीत. मग चाक आडवं करून ब्रेकच्या बाजूला सरकवायचं. आतले रबरी तुकडे चेपलेले, तुटलेले असतील तर हीच वेळ बदलायची. ते गेले की गिअर टाकताना मागून धक्का बसतो, आणि लोक क्लचला दोष देत बसतात.

ब्रेकच्या ड्रममधली धूळ फुंकू नका. ओल्या फडक्याने पुसा. ब्रेक लायनरची ती बारीक भुकटी फुफ्फुसात जायला नको. पुढे डिस्क ब्रेक असेल तर चाक बाहेर असताना ब्रेकचा लिव्हर कुणी दाबू नये. पिस्टन बाहेर येतो आणि चाक परत बसत नाही. पोरं आजूबाजूला असली की हा लिव्हर दाबलाच जातो, म्हणून पॅडच्या मधे पुठ्ठा घालून ठेवा.

पुढचं चाक काढताना मागे वजन पाहिजे, कुणाला तरी सीटवर मागे बसवा. इंजिनखाली ठोकळा लावणार असाल तर सायलेन्सरच्या नळीवर भार येऊ देऊ नका. स्पीडोमीटरची केबल असेल तर ती आधी.

जुना टायर उतरवणं

व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा जाऊ द्या. व्हॉल्व्हच्या बुडाचा नट काढा. आता चाक पोत्यावर आडवं ठेवून टायरचा काठ पायाने दाबत दोन्ही बाजूंनी रिमपासून सुटा करायचा. या काठात पोलादी तार असते, तो ताणत नाही. इथेच नवशिक्या माणसाची गफलत होते. त्याला वाटतं जोर लावला की काठ ताणून रिमवरून येईल. तो कधीच ताणत नाही.

मग निघतो कसा? रिमच्या मध्यभागी खोलगट नाळ असते, तिथे रिमचा घेर कमी आहे. काठाची एक बाजू त्या नाळेत उतरवली की समोरच्या बाजूला ढिलाई मिळते, आणि तिथून तो सहज वर येतो. एवढीच युक्ती. व्हॉल्व्हच्या ठिकाणी ट्यूबचं जाड बूड आडवं येतं, काठ नाळेत नीट बसत नाही. म्हणून पट्ट्या व्हॉल्व्हजवळ लावायच्या आणि त्याच्या बरोबर समोरची बाजू गुडघ्याने नाळेत दाबून धरायची. साबणाचं पाणी लावा, पट्टी थोडीच आत घाला, दोन-दोन बोटांच्या अंतराने घास घ्या. जोर लावावा लागला तर थांबा, समोरची बाजू वर आलेली असते. एक काठ पूर्ण बाहेर आला की ट्यूब ओढून घ्या, मग दुसरा काठ.

टायर मोकळा झाला की आतून हात फिरवा, पण फडकं गुंडाळून. जुनं पंक्चर ज्या खिळ्याने झालं त्याचं टोक कधी कधी आतच असतं. रिमला गंज असेल तर घासून काढा. ताराचं टोक आत टोचतंय का ते बघा, असेल तर कानशीने घासा आणि पट्टी नीट मध्यावर बसवा. वारंवार पंक्चर होणाऱ्या गाडीचं कारण पुष्कळदा रस्त्यावर नसतं, इथे असतं.

नवा बसवणं, आणि ट्यूब चिमटीत न सापडणं

टायरच्या बाजूला बाण असेल तर तो चाक पुढे फिरण्याच्या दिशेने. उलटा बसला तर सगळं परत. पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हसमोर आणा, ती टायरची हलकी बाजू असते.

पहिला काठ साबणाच्या पाण्यावर नुसत्या हातांनी बसतो. मग ट्यूबला पावडर चोळा, पिन लावून तिच्यात थोडी हवा भरा. फुगवायची नाही, फक्त गोल आकार येईल इतकी. आकार आलेली ट्यूब पट्टीपासून लांब राहते. व्हॉल्व्ह भोकातून सरळ काढा आणि नट दोन आटेच लावा, आवळू नका.

दुसऱ्या काठाची सुरुवात व्हॉल्व्हच्या समोरून. दोन्ही बाजूंनी पायाने दाबत दाबत व्हॉल्व्हकडे यायचं आणि शेवट व्हॉल्व्हपाशी करायचा. शेवटचा वीतभर भाग जड जातो, तिथेच ट्यूब कापली जाते. पट्टी उभी करून खोल घालू नका, टोक रिमच्या कडेला धरून हलकेच उलथा. आणि समोरची बाजू नाळेत आहे ना, हे परत परत बघा. अनुभवी माणूस शेवटचा भाग टाचेने बसवतो, पट्टी घेतच नाही.

काठ आत गेला म्हणजे झालं असं नाही. आता व्हॉल्व्ह आत ढकला. तो वर-खाली मोकळा हलला तर बुडाशी ट्यूब अडकलेली नाही. मग सबंध टायर एका बाजूने दाबत काठाच्या खाली डोकावत जा. काळी ट्यूब काठाखाली दिसली की तिथे ती चिमटीत आहे. अशा ट्यूबमध्ये हवा भरली तर ती पार्किंगमध्ये फुटत नाही, हीच भीती आहे. ती धरते, दहा-वीस किलोमीटर चालते, गरम होते आणि हायवेवर एकदम हवा सोडते. मागच्या चाकाची हवा एका क्षणात गेली तर गाडी शेपटी हलवल्यासारखी डोलते. पुढच्याची गेली तर सावरायला वेळच मिळत नाही. कंटाळा आला, अंधार पडला, काहीही झालं तरी ही तपासणी सोडू नका.

थोडी हवा भरा, परत सोडा, परत भरा. ट्यूबच्या घड्या निघतात. टायरच्या बाजूला काठालगत एक बारीक रेघ असते. ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली की टायर नीट बसला. कुठे आत गेली असेल तर हवा सोडून साबणाचं पाणी लावून पुन्हा. टायरवर छापलेल्या कमाल आकड्याच्या पुढे हवा भरून तो ‘बसवायला’ जाऊ नका. नंतर चालवताना किती हवा, ते गाडीच्या पुस्तिकेत किंवा चेन कव्हरजवळच्या स्टिकरवर असतं. एकट्याला वेगळं, डबलसीटला वेगळं. गावाला निघताना मागच्या चाकाला डबलसीटचा आकडा धरा आणि टायर थंड असतानाच मोजा.

परत जोडताना

एक्सल पुसून ग्रीसचा पातळ हात. ब्रेकच्या पत्र्याची खाच जागेवर, टॉर्क रॉड लावलेला, त्याची पिन नवी. हा रॉड विसरला तर पहिल्याच ब्रेकला पत्रा चाकाबरोबर फिरतो, पुढे काय होतं ते सांगायला नको.

चेनचा ताण बघा. खालची बाजू मध्यभागी बोटाने वर-खाली केली तर अशा बहुतेक गाड्यांत दोन ते तीन सेंटिमीटर हलली पाहिजे, नेमका आकडा पुस्तिकेत. दोन्ही बाजूंच्या अ‍ॅडजस्टरच्या खुणा सारख्या ठेवा, नाहीतर चाक तिरकं बसतं आणि नवा टायर एका बाजूने झिजतो. चेन फिरवून बघायची असेल तर इंजिन बंद ठेवून, हाताने चाक फिरवा. इंजिन चालू करून चेनजवळ फडकं धरणाऱ्यांची बोटं गेलेली आहेत. नट शेवटी आवळा, ब्रेकचा पेडल दाबून धरून आवळला तर ड्रम मध्यावर बसतो. मग ब्रेकची ढिलाई, मागचा लाइट लागतो का ते, आणि चाक मोकळं फिरतं का ते.

गल्लीत दोन फेऱ्या मारा. पन्नासेक किलोमीटरनंतर नट, चेन आणि हवा परत बघा. नव्या टायरवर कारखान्यातला चकचकीत थर असतो, पहिले शंभर-दीडशे किलोमीटर गाडी जास्त तिरकी करू नका. म्हणून घाटाच्या आदल्या रात्री टायर बदलण्यापेक्षा आधीच्या रविवारी बदललेला बरा.

जुन्या टायरचं काय

जिन्याखाली ठेवला की पहिल्या पावसात त्यात पाणी साचतं, आणि डेंग्यूचा डास असंच साचलेलं स्वच्छ पाणी शोधतो. शेकोटीत घालू नका, तो धूर सगळ्या इमारतीत जातो. टायरच्या दुकानात किंवा भंगारवाल्याला द्या. जुनी ट्यूब मात्र ठेवा. सामान बांधायला तिच्यासारखी पट्टी नाही.

वाटेत ठेवायला दोन पट्ट्या, एक नवी ट्यूब, पाना आणि छोटा पंप एवढं सीटखाली किंवा डिकीत बसतं. सोनगढ सोडलं की रात्री उघडं दुकान सापडेलच असं नाही. घाटात चाक बसलं तर आधी गाडी रस्त्याच्या कडेपासून पूर्ण बाहेर घ्या, बायकापोरांना ट्रकच्या उलट बाजूला उभं करा, आणि मगच पाना काढा.